विनाशिकेचं नाव

फार वर्षांपूर्वी टिटवी नावाची ओढबोट परदेशी गोदीत शिकून मायदेशी परतली. युद्ध जिंकून आलेल्या विनाशिकेला तोरणं बांधली असतील, असं तिला वाटलं होतं. बंदरात मात्र त्या युद्धनौकेचं नाव राखाडी रंगाने पुसणं चाललं होतं.

"दीडच वर्ष लढले, युद्ध संपलं आणि मी नकोशी झाले," विनाशिका म्हणाली. "उद्या तू मला ओढत न्यायचंस. आपल्याच तोफा माझ्यावर सराव करणार."

"आणि नाव कशाला पुसायचं?"

"रीत आहे, पोरी," म्हातारी क्रेन म्हणाली. "ओळखीच्या जहाजावर तोफांचा नेम चुकतो."

"मग चुकू दे की! हिने सहाशे खलाशी वाचवले, आणि तुम्ही हिला बेवारस करून मारता?"

"शिकून आलीस ना, आता समुद्रालाही शिकव!" क्रेन हसली.

सकाळी दोर आला. टिटवीने तो घेतला नाही.

"आधी तिचं नाव लिहा," ती म्हणाली. "मग बघू कुणाचा नेम लागतो."