नावाडी आधी बोलला

फार पूर्वी एका रुंद नदीच्या दोन काठांवर दोन राज्यं नांदत होती. नांदत होती असं आपलं म्हणायचं. मधल्या वाळूच्या बेटावरून दोघांचं बिनसलं आणि होड्यांची ये-जा बंद पडली, त्याला चार वर्षं झाली होती.

भांडण मिटवायला दर पौर्णिमेला सकाळी दोन्हीकडचे राजदूत त्या बेटावर जमत. शामियाना उभा राही, गालिचे पडत आणि मग दोघेही गप्प बसत. रिवाजच होता तसा. जो आधी तोंड उघडेल, त्याचं राज्य धाकटं. दिवस मावळला की दोघे उठत आणि "बोलणी चालू आहेत" असं आपापल्या राजाला कळवत.

अलीकडच्या काठावरच्या राजदूताची ने-आण करणारा नावाडी म्हातारा होत आला होता. वल्ही मारून खांदे दुखत, पण जीव जास्त शिणे तो दिवसभराच्या त्या गप्प बसण्याने. त्याची एकुलती एक लेक पैलतीरावर लोहाराच्या घरी दिलेली. लग्न लागलं आणि महिन्याभरात होड्या थांबल्या. ती कशी आहे, आहे की नाही, कळायला मार्ग नव्हता. पलीकडचा नावाडी बेटावर त्याच्यापासून दहा पावलांवर बसे. पण राजदूतांचं बघून नावाडीही तोच रिवाज पाळत. चार वर्षं दोघांनी एकमेकांकडे नुसतं बघितलं.

एका पौर्णिमेला निघताना बायको म्हणाली, "जावा. आजबी तसंच परत या."

त्या दिवशी म्हाताऱ्याला अगदी नकोसं झालं. तो उठला, दहा पावलं चालला आणि म्हणाला, "पाव्हणं, तुमच्याकडं लोहाराच्या घरी माझी लेक दिलीया. बरी हाय का ती?"

दुसऱ्या नावाड्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "बरी हाय. सातवा लागलाय. माहेरी पोचवा म्हणून रोज माझ्या दारात येती. पर मी आधी कसं बोलू? आमचं राज्य धाकटं झालं असतं की!"

"मूर्खा!" अलीकडचा राजदूत शामियान्यातून ओरडला. "राज्याची मान खाली घातलीस! शिक्षा होईल तुला."

"द्या सरकार," नावाडी म्हणाला. तो इतका दमला होता, की घाबरायचंही राहून गेलं. "पर आधी लेकीला आणू द्या."

पलीकडच्या राजदूताला आपण जिंकलो असं सांगायचं होतं. पण मग एका नावाड्याला राजदूताच्या बरोबरीचं मानावं लागलं असतं. ते काही त्याच्या गळी उतरेना.

"नावाड्याचं बोलणं कुठे धरतात!" तो म्हणाला.

"अगदी बरोबर," अलीकडचा राजदूत म्हणाला.

चार वर्षांत त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं. तोंडं उघडलीच होती, तर संध्याकाळपर्यंत होड्या सुरू करायचं ठरलं. बेटाचं पुढे बघू म्हणाले. तहाच्या कागदावर दोन्ही राजांच्या शहाणपणाची तारीफ झाली, नावाड्यांचं नावही आलं नाही.

म्हातारा कागदासाठी थांबला नव्हता. पैलतीरावर जाऊन त्याने लेकीला हात धरून होडीत बसवलं.

"आबा, इतकी वर्षं का न्हाई आला?" तिने विचारलं.

म्हाताऱ्याला लाज वाटली. "कुणी बोललंच न्हाई गं," तो म्हणाला. "मीबी न्हाई."

तात्पर्य: राज्यांचा मान सांभाळायला राजदूत असतात, पण ज्याचं माणूस पलीकडे अडकलंय, त्याने त्यांच्या बोलण्याची वाट बघत बसू नये.