जो मान बैलाला, तोच जावयाला

“राजकन्येचं लग्न पोळ्यालाच!” राजा भानुसेनानं भर दरबारात जाहीर केलं आणि राजज्योतिष्यांच्या हातातलं पंचांग निसटून त्यांच्याच पायावर पडलं.

“महाराज, पोळा म्हणजे अमावास्या! आणि तुळशीचं लग्न लागायच्या आधी माणसांचं लग्न कुणी...”

“अमावास्या गेली उडत!” राजा गरजला. “त्या दिवशी वेशीवर तोरण असतं, वाजंत्री असते, घरोघर पुरणपोळ्या असतात. एवढं सगळं आयतं मिळत असताना मुहूर्त शोधत बसायला मी काय खुळा आहे?”

राजा खुळा नव्हता, चिक्कू होता. वर हट्टी! चिक्कू माणूस हट्टाला पेटला की ब्रह्मदेवही त्याच्यापुढे हात टेकतो, तिथं ज्योतिष्यांची काय कथा? त्यांनी मुकाट्यानं पंचांग उचललं. जाळीमागे बसलेल्या राजकन्येचे डोळे भरून आले, पण नवरीला विचारतो कोण!

“आता राहिला नवरदेवाचा रथ,” राजा म्हणाला. “त्याला रावजीची पांढरी खिल्लारी जोडी जुंपायची. रावजी, ऐकलंस ना?”

रावजी कुणब्याला त्यासाठीच बोलावणं गेलं होतं. सोबत लेक मंजुळा आली होती. रावजीच्या तोंडचं पाणी पळालं.

“सरकार, पोळ्याला बैलाच्या मानंवर जू? वर्साचा योकच दिस त्यांचा! आमच्या बापजाद्यांनी असं कवा क्येलं न्हाई.”

“मग जोडी आजच सरकारजमा कर!”

ती जोडी वासरं असल्यापासून मंजुळेच्या हातची पेंढी खाऊन वाढली होती. तिला राग आला, असा की तिथल्या तिथं राजाला चार शब्द सुनवावेत! पण तिनं तो गिळला आणि हळूच बापाला म्हणाली, “आबा, व्हय म्हना. म्होरचं मी बघते.” मग पदर सावरून ती पुढे झाली.

“म्हाराज, जोडी आणतो आम्ही. पर योक इचारू? बैलांच्या खांद्याला हळद लागती, तशी जावईबापूंनाबी लागंल. मग हळद वायली वाटायची?”

“वेगळी कशाला? एकाच वाटीतली!”

“आन् बाशिंगं? ती बैलांनाबी बांधत्यात.”

“एकाच माळ्याकडून!”

“ववाळणी, वाजंत्री, पुरणपोळी?”

“सगळं एकच!” राजा खुशीत आला. आपल्या मनातलं नेमकं ओळखणारं असं शहाणं माणूस त्याला पहिल्यांदाच भेटलं होतं.

“म्हंजी बैलाला जो मान, त्योच जावयाला?”

“वा! अगदी हेच! पिटा रे दवंडी: पोळ्याला जो मान बैलाला, तोच जावयाला!”

पोळ्याचा दिवस उजाडला. व्याही राजे वऱ्हाड घेऊन वेशीवर आले. नवरदेव बाशिंग बांधून रथात बसला होता. समोर रावजीची जोडी उभी होती, अंगावर झूल, शिंगांना बेगड, कपाळावर बाशिंग. खरं सांगायचं तर बाशिंग नवरदेवापेक्षा बैलांनाच जास्त शोभत होतं.

“जुंप!” राजानं हुकूम सोडला. रावजी उगाच बैलांची झूल नीट करत राहिला.

तेवढ्यात मंजुळा आली. तिच्या मागून दोन गडी आले आणि प्रत्येकाच्या खांद्यावर एकेक जू!

“दोन जुवं कशाला?” राजानं विचारलं.

“योक बैलांना आन् योक जावईबापूंना! दवंडी तुमचीच हाय, म्हाराज. बैलाला जुंपायचं तर जावयालाबी जुंपाया हवं. पर जुवाला जोडी लागती. दुसऱ्या अंगाला कोन? सोयरीक जुळवली त्ये तुमी दोगं हायसाच, ठरवा आपसात!”

व्याही राजे चटकन दोन पावलं मागे सरले. नवरदेवानं तर बाशिंग सावरत रथातून खाली उडीच मारली! जमलेल्या गावानं तोंडात पदर आणि उपरणी कोंबली.

राजा लालबुंद झाला. पण शब्द त्याचाच, गिळणार कसा?

“बरं, नका जुंपू! कुणालाच नका जुंपू!” तो ओरडला. “नवरदेव पायी येईल. पण लग्न आजच! माझा हट्ट म्हणजे हट्ट!”

“व्हू द्या की! आमची कुटं ना हाय?” मंजुळा गोड हसून म्हणाली. तिनं ओच्यातून नवी कोरी सुती दोरी काढली. “मग येवढं तेवढं उरकून घ्या. पोळ्याला बैलाला नवी वेसण घालत्यात. आमच्या जोडीला घालून झाली. ही जावईबापूंची. आता सांगा म्हाराज, जावयाला वेसण तुमी घालताय, का बाईसाहेबांनीच घालायची?”

नवरदेवाचा हात झटकन नाकावर गेला!

आणि वेशीवरच्या सज्जातून राजकन्या खळखळून हसली. मग व्याही हसले, गाव हसलं. राजानं मिशा फेंदारल्या, ओठ आवळले, पण ते आवळून राहतात थोडेच? पोट धरून तोही हसायला लागला.

“हरलो, पोरी, हरलो! लग्न तुळशीच्या लग्नानंतर! ज्योतिषीबुवा, चांगला मुहूर्त काढा, हळदही वेगळी वाटा! आणि पोरी, माग काय हवं ते!” एवढं बोलून त्यानं जीभ चावली. “म्हणजे... झेपेल असं.”

“भिऊ नगा, म्हाराज. तुमच्या पदरचं काय जायाचं न्हाई. आमची जोडी आमालाच ऱ्हाऊ द्या, आन् तोरनाखालचा पयला मान दर पोळ्याला तिचाच.”

राजा पुन्हा हसला. व्याह्यांदेखत निव्वळ फुकटात सुटणं मात्र त्यालाही लाजिरवाणं वाटलं. त्यानं डोळे मिटले, हातातलं सोन्याचं कडं काढलं आणि विचार बदलायच्या आत मंजुळेच्या हातावर ठेवलं.

वाजंत्री वाजली. तोरणाखालून पहिली गेली रावजीची जोडी, तिच्या मागून दोन्ही राजे, आणि सगळ्यांत शेवटी, नाक धरून, नवरदेव.