काळीत अडकलेली परी

सात डोंगरांपलीकडे, नकाशे काढणाऱ्यांना आजवर न सापडलेल्या एका खोऱ्यात काळवट नावाचं गाव होतं. तिथली माती इतकी काळीभोर आणि मऊ, की पेरलेला दाणान्‌दाणा उगवायचा. गावाला तिचा कोण अभिमान! ज्वारी तिच्यात, कापूस तिच्यात आणि घरंसुद्धा तिच्यावरच. शेजारी पांढऱ्या मातीचं एक टेकाड होतं. तिथे गवताची काडी उगवत नसे, म्हणून सगळे त्याला करंटं म्हणत.

या गावात येसू राहायची. नऊ वर्षांची, काटकुळी, मायाळू पोर. गेल्या पावसाळ्यात घराची भिंत तिच्या आईच्या अंगावर पडली आणि आई गेली. हे सांगायला मलाही नको वाटतं, पण झालं ते असं. तेव्हापासून येसू, तिचा बा धर्मा आणि वर्षाचा भाऊ राघू गवताच्या खोपटात राहत होते. आता धर्माने त्याच जागेवर नव्या घराचा पाया आखला होता. राघू हाताला येईल ते धरून उभं राहायला शिकत होता. उद्या तो भिंत धरून चालेल आणि ती भिंतही पडली तर? हा विचार येसूची पाठ सोडत नसे.

उन्हाळ्यातल्या एका रणरणत्या दुपारी ती लांबच्या विहिरीवरून लोटाभर पाणी घेऊन येत होती. रानात जमीन भेगाळली होती. एका भेगेत काहीतरी चमचमलं. येसूने वाकून पाहिलं, तर आत अंगठ्याएवढी इवलीशी परी अडकलेली. गुलबक्षी रंगाचे पंख, चाफ्याच्या पाकळीचा पिवळसर झगुला, केसांत दवाचे चिमुकले मणी, तेही सुकत आलेले.

"भेगेत पाणी ओत ना," परी क्षीण आवाजात म्हणाली. "माती सैल होईल."

"न्हाई गं बाय," येसू म्हणाली. "ही काळी हाय. पानी प्याली की फुगती. भेग मिटंल आन तू चेंगरशील."

तिने बोट बुडवून थेंब थेंब पाणी परीला पाजलं. मग नखांनी ढेकळं उकरायला लागली. ती दगडासारखी टणक झाली होती. दोन नखं तुटली, बोटांतून रक्त आलं, तरी ती थांबली नाही. शेवटी परी भुर्रकन वर आली आणि तिच्या तळहातावर बसली.

"माग काय हवं ते," परी म्हणाली. "पण एकच."

"माझी आय," येसू लगेच म्हणाली.

परीचे पंख मिटले. "गेलेलं माणूस मला आणता येत नाही, बाळ."

"मग आमची भिंत कदी पडू देऊ नगंस."

"मातीचा स्वभावही मला बदलता येत नाही. पावसात फुगणारी आणि उन्हात फाटणारी माती भिंतीला नीट उभं राहू देईल का? तूच तर आत्ता सांगितलंस."

येसू मटकन खाली बसली. हे तिला ठाऊक होतं. गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पिकाची वेळ आली की सगळे मातीचा विचार करत आणि घराच्या वेळी कुणीच करत नसे. ती खूप रडली.

"बा माझं ऐकायचा न्हाई," डोळे पुसत ती म्हणाली. "माती काय म्हनती ते त्याला एकदा ऐकू येऊ दे. बास."

तिकडे धर्माने पाया खणायला जमिनीवर हात टेकला, आणि माती बोलली. "धर्मा, पेरणीला तू माझ्या पाया पडतोस. घर बांधताना मात्र मला काहीच विचारलं नाहीस. मी फुगते, आक्रसते, म्हणून तुझं पीक येतं. तुझ्या बायकोला मला मारायचं नव्हतं. मला स्थिर राहताच येत नाही."

धर्माने कुदळ खाली ठेवली. तेवढ्यात येसू परीला घेऊन आली आणि तिने झालं ते सगळं सांगितलं.

"मग कुठं बांधू गं?" त्याने परीला विचारलं.

"मला नको, खड्ड्याला विचार," परी म्हणाली.

त्यांनी एक खड्डा काळीत खणला, एक करंट्या टेकाडावर, आणि दोन्हींत घागरभर पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशी काळीतला खड्डा फुगून, ढासळून निम्मा बुजला होता. टेकाडावर वीतभर मातीखाली कडक मुरूम लागला होता. तिथलं पाणी जिरून गेलं होतं आणि खड्ड्याच्या कडा जशाच्या तशा होत्या.

धर्माने टेकाडावर घर बांधलं. गाव खो खो हसलं.

मग आषाढ आला. गावातली पाच घरं पडली. गंगूआजी तिच्या घरातून बाहेर आलीच नाही. त्या घरांतले उरलेले लोक भिजत, पोरांना कडेवर घेऊन टेकाड चढून आले. येसूने दार सताड उघडलं. पाऊस सरेपर्यंत सगळे त्या छोट्या घरात दाटीवाटीने राहिले आणि भिंतीला केसाएवढीही चीर गेली नाही.

उघडीप झाल्यावर गंगूआजीचा मुलगा सदू टेकाडावरच घराची जागा आखू लागला. धर्माने त्याच्या हातातली दोरी काढून घेतली आणि कुदळ दिली.

"आदी खड्डा खण, सदू. पानी ओत. दिसभर बघ," तो म्हणाला. "म्या इचारलं नव्हतं."

तेव्हापासून त्यांच्याकडेच राहिलेली परी उंबऱ्यावर बसून ते ऐकत होती. तिच्या पंखांतून गुलाबी, सोनेरी, मोरपंखी उजेड झिरपू लागला, साऱ्या टेकाडावर पसरला, आणि उजेड ओसरला तेव्हा परी नव्हती. येसू घरात गेली. पाठ भिंतीला टेकून तिने डोळे मिटले आणि आई गेल्यापासून तिला सांगायचं राहिलेलं सगळं हळूहळू सांगायला सुरुवात केली.