टाकीखालचा नळ

कुंभारमाळावर नुकती कुठे घरं उभी राहत होती, तेव्हाची गोष्ट. माळावर पाण्याची उंच टाकी होती आणि तिच्या पायाशी सगळ्यांचा मिळून एक नळ. पहाटेपासून तिथे हंडे आदळत, नंबरावरून भांडणं जुंपत.

टाकीला त्याचा वीट आला. "काय रे बाजार मांडलायस?" ती नळावर डाफरली. "माझी उंची बघ, आणि पायाशी हा कलकलाट!"

"टाकीबाई, बायका भांडतात खऱ्या, पण मान वर करून तुमच्याकडे बघतातही," नळ म्हणाला. "परवा तुमच्या अंगाला ओल दिसली, तर रांगेतल्या सुंदराबाई हंडा टाकून पाणी सोडणाऱ्याला धरून घेऊन आल्या."

टाकीने नाक मुरडलं. पुढे घरोघर नळ आले आणि खालचा नळ उपटून नेला. टाकी सुखावली.

मग एका उन्हाळ्यात तिला बारीक तडा गेला. पाणी झिरपत राहिलं, सळया गंजल्या, तड्यात पिंपळ रुजला. खालून माणसं जात-येत होती, पण थांबतंय कोण?

शेवटी टाकी पाडायचं ठरलं. म्हाताऱ्या सुंदराबाई काठी टेकत आल्या आणि हळहळल्या, "अगं बाई, एवढी फुटेपर्यंत कुणाला दिसलं कसं नाही?"

शेवटच्या दिवशीही टाकी कान देऊन उभी होती, खाली एखादा तरी हंडा आदळेल म्हणून.