कीटमाळची पुरेआई

बोरघाटातून आगगाडी धावायला लागली नव्हती, त्याच्याही आधीची ही गोष्ट. नीट बसा, आणि मधे मधे हुंकार द्या, नाहीतर मला वाटेल झोपलात.

सह्याद्रीच्या माथ्यावर कीटमाळ नावाचं गाव आहे. नाव असं का, ते तिथे अनवाणी चाललात की कळेल. दगडातून लोखंड काढताना जो काळा, टोकदार मळ मागे उरतो त्याला कीट म्हणतात, आणि त्या गावात माती कमी नि कीटच जास्त आहे. फार वर्षांपूर्वी तिथे धावडांची वस्ती होती. लोहार तयार लोखंडाचा कोयता घडवतो, पण ते लोखंड मुळात दगडाच्या पोटातून बाहेर काढायचं काम धावडांचं.

माळावरचा तांबडा, जड दगड ते वेचून आणायचे, भाजायचे आणि कुटायचे. मग मातीची माणसाएवढी उंच भट्टी रचायची. तिच्यात एक थर कोळशाचा, एक थर दगडाच्या चुरीचा, असं तोंडापर्यंत भरायचं आणि खालून कातड्याच्या भात्यांनी वारा घालायचा. कोळसाही असातसा चालायचा नाही. आंब्याच्या कोळशाची नुसती राख व्हायची, जांभळाचा त्यातल्या त्यात बरा, पण खरा कोळसा अंजनीचा. अंजनीचं झाड वाढायला माणसाचा जन्म जातो आणि भट्टीला ते एक दुपारही पुरत नाही. बरं, भट्टीतून गोळा निघाला म्हणजे झालं, असंही नाही. त्यात कीट अडकलेलं असायचं. तो ठोकायचा, पुन्हा तापवायचा, पुन्हा ठोकायचा, तेव्हा कुठे चोख लोखंड हाती यायचं. दर वेळी तापवायला पुन्हा कोळसा लागायचाच.

धावड भट्टीला बाळंतीण मानायचे. पेटली की कळा सुरू झाल्या, गोळा बाहेर आला की सुटली. अडलेल्या बाईपाशी कोणी वेडंवाकडं बोलत नाही, तसंच भट्टीपाशीही. 'पुरे', 'थांबा', 'बंद करा' हे शब्द भट्टी पेटल्यापासून गोळा निघेपर्यंत गावाच्या शिवेत कोणी तोंडातून काढायचे नाहीत. काढले तर भट्टी पोटातलं मूल पोटातच मारते, असं म्हणतात. मग भाते थांबवायचे झाले तर काय म्हणायचं? आपण दिवा 'विझव' म्हणत नाही, 'वाढव' म्हणतो ना, तसंच. गोळा तयार झाला की म्होरक्या हात खाली करायचा आणि म्हणायचा, "वाढवा रे," की भाते थांबायचे. पिढ्यान्‌पिढ्या हेच चाललं होतं आणि त्यात कधी कोणाची गफलत झाली नव्हती.

त्या काळी गावचा म्होरक्या होता सुभाना नाईक. माणूस वाईट नव्हता, पण भट्टीपुढे त्याला बायको-पोरं दिसायची नाहीत. त्याचा मुलगा धाकू, आणि धाकूची बायको आवडी. आवडीही धावडाचीच लेक, त्यामुळे कुठला शब्द बोलायचा नि कुठला नाही हे तिला पाळण्यात असल्यापासून ठाऊक. रानात पाडलेल्या कोळशाच्या पाट्या डोक्यावरून भट्टीपर्यंत आणणं हे तिचं काम. संध्याकाळी तिच्या तोंडावर डोळे तेवढे दिसायचे. मग धाकू पागोट्याच्या टोकाने तिचं कपाळ पुसायचा आणि म्हणायचा, "कुंकू दिसू दे गं. न्हाईतर लोक म्हणतील, धाकूनं कोळशाचं पोतंच घरात आणलंय." दोघांचं फार जमायचं. गावात त्यावरून त्यांची चेष्टाही व्हायची.

एका उन्हाळ्यात लोखंड घेणारा ठेकेदार घाट चढून आला आणि ओसरीवर टेकला. तोंड वाकडंच होतं. म्हणाला, "नाईक, बंदरात जहाजांतून विलायती लोखंड येतंय. तिकडे जमिनीतून दगडी कोळसा काढतात, त्यावर वितळवतात. झाडाला हात लावावा लागत नाही. ते स्वस्त पडतं. तुमचा माल चांगला आहे, पण दसऱ्यापर्यंत दुप्पट दिलात तरच मी पुन्हा घाट चढेन. नाहीतर आपला रामराम."

सुभानाने मान डोलावली. ज्या गावाने आपल्या भट्टीलाही कधी 'पुरे' म्हटलं नाही, ते ठेकेदाराला काय म्हणणार?

मग जे कधी झालं नव्हतं ते झालं. भर पावसाळ्यात भट्ट्या पेटल्या. वर गवताची छपरं घातली आणि सगळ्या एकदम पेटवल्या. पावसाळ्यात लाकूड ओलं. ते नुसतं धुमसायचं, कोळसा निम्माही पडायचा नाही, म्हणून आणखी झाडं लागायची. पूर्वेचं रान गेलं, मग ओढ्याकाठचं गेलं. शेवटी गावाच्या डोक्यावरच्या उतारावर अंजनीची एक राई तेवढी उरली. तिच्या पानांखाली दिवसाही अंधार असायचा, असं म्हणतात. सुभानाने तीही तोडायला सांगितली आणि माणसं देऊन धाकूला वर धाडलं.

"अवं, त्या राईनंच डोंगर धरून ठेवलाय," आवडी नवऱ्याला म्हणाली.

"मला का कळत न्हाई?" धाकू म्हणाला. "पर बापाला कोण सांगणार?"

आणि कुऱ्हाड खांद्यावर टाकून तो गेला.

श्रावण सरत आला होता. आवडी रिकामी पाटी घेऊन उतार चढत होती. वाटेत तिला जमिनीत भेग दिसली. सकाळी तिथे काही नव्हतं, आता कोपरापर्यंत हात जाईल एवढी ती झाली होती. झऱ्याकडे पाहिलं तर पाणी तांबडंलाल. आणि पायांखालून कडकड आवाज येत होता, जुनी मुळं एकेक करून तुटत होती. तिने वर पाहिलं. पावसाच्या पडद्याआड धाकू आणि त्याचे सोबती राईतल्या सगळ्यांत मोठ्या झाडाला भिडले होते. तिने खाली पाहिलं. सगळ्या भट्ट्यांतून धूर निघत होता.

'पुरे' हा शब्द तिच्या ओठांवर आला, पण जिभेनेच तो मागे ओढला. जन्मभराची सवय ती. पाटी फेकून तिने जिवाच्या आकांताने हाक मारली.

"वाढवा! अवं, वाढवा! वाढवा!"

भट्टीपाशी या शब्दाचा अर्थ एकच होता. डोंगरावर तो एकच राहिला नाही. धाकूला हाक ऐकू आली. बायको खालून ओरडतेय, वाढवा म्हणतेय, म्हणजे बापाला लाकूड कमी पडतंय, असं त्याला वाटलं. त्याने हात हलवून होकार दिला आणि सोबत्यांना म्हणाला, "खालनं आणखी मागत्यात. हाणा रं!"

त्यांनी हाणलं. झाड पडलं आणि झाडापाठोपाठ डोंगर आला.

त्या आवाजाने सात गावांतली जनावरं दावी तोडून पळाली, असं म्हणतात. आवडीच्या पायाच्या अंगठ्यापाशी जमीन तुटली आणि पुढची सगळी कडेच्या घळीत गेली. ती तेवढी जागच्या जागी उभी राहिली. तिला का वगळलं, हे डोंगरालाच विचारावं लागेल.

ती धावत भट्टीकडे आली. गावातल्या म्हाताऱ्या आणि पोरीबाळी आधीच दरडीकडे पळाल्या होत्या आणि नखांनी चिखल उपसत होत्या. धडधाकट पुरुष मात्र सगळे भात्यांवर बसलेले. रडत होते आणि भाते हलवत होते. कोणाचा भाऊ वर होता, कोणाचा मुलगा. पण भट्टी अडलेली होती आणि सुभाना समोर उभा होता.

"गोळा निघंपातुर कुणी उठायचं न्हाई," तो सांगत होता. "धाकू माझा बी पोरगा हाय. पर ही आत्ता इझली तर गावाचा वंश ऱ्हायचा न्हाई." त्याच्या डोळ्यांतलं पाणी भट्टीच्या तापल्या मातीवर पडत होतं आणि चर्र होत होतं, असं म्हणतात.

आवडी लग्न होऊन आल्यापासून सासऱ्यापुढे उभी राहून कधी बोलली नव्हती. आज तिच्या डोक्यावर पदरही राहिला नव्हता.

"मामंजी," ती म्हणाली, "माती पडून घटका झाली न्हाई. माणसं जिती असतील. ह्या गड्यांना सोडा."

"सूनबाई, तोंड आवर."

"मी आवरलं, म्हणून तर त्यांनी झाड पाडलं." तिचा आवाज चिरका झाला होता. "चुकीचा शबुद ओरडले मी. तुमच्या भट्टीला भिऊन ओरडले."

भाते फुसफुसत राहिले. मग ती भट्टीच्या अगदी तोंडाशी गेली, केस होरपळतील इतकी जवळ गेली, आणि तिने तो शब्द उच्चारला.

"पुरे."

ओरडली नाही, साधंच म्हणाली. पण तो शब्द डोंगरापर्यंत गेला आणि परत आला. भात्यांची कातडी एकदम उभी फाटली. भट्टीतली आग आतल्या आत विझली, मग शेजारची, मग तिच्या पलीकडची, अशी शेवटच्या भट्टीपर्यंत. घराघरांतल्या चुलीही विझल्या आणि म्हाताऱ्यांच्या चिलमीसुद्धा गार पडल्या, असं म्हणतात. आता बसून राहायला काही कारणच उरलं नव्हतं. पुरुष उठले आणि दरडीकडे धावत सुटले.

दोघं-तिघं जिवंत निघाले. तोंडात माती, हातपाय मोडलेले, पण श्वास चालू होता. बाकीचे गेले. धाकू सगळ्यांत शेवटी सापडला, दिवस मावळता मावळता. त्याचं अंग तेव्हाही गरम होतं, असं म्हणतात. मला या म्हणण्यावर विश्वास ठेवायचा नाही. गारच पडलेलं असू दे. गरम असेल तर भट्टीपुढे वाया गेलेल्या त्या घटकेचं आपण काय करायचं?

दुसऱ्या दिवशी सुभानाने स्वतःच्या हाताने भट्टी फोडली. आत अर्धं दगड, अर्धं लोखंड असा एक गोळा होता, गुडघे पोटाशी घेतलेल्या मुलासारखा. त्याने तो मांडीवर घेतला. कोणी मागितला तरी दिला नाही. अन्नपाणी घेतलं नाही आणि थोड्याच दिवसांत तो गेला.

दसरा आला. ठेकेदार घाट चढून आला आणि रिकामाच उतरला. गावाने नव्या भट्ट्या रचून पाहिल्या. आग धरायची, दगड लाल व्हायचा, पण लोखंड म्हणून निघायचं नाही. त्या हिवाळ्यात कीटमाळात लोकांनी कंदमुळं खाल्ली, मग तीही संपली. बरीच घरं घाट उतरून गेली. जाणारे आवडीच्या दारापुढे थुंकून गेले. तिच्या एका शब्दाने गावाचा घास गेला, असं ते म्हणायचे. ज्यांना त्या शब्दाने मातीतून काढलं होतं, त्यांतला एकही मधे पडला नाही. माणसं अशीच असतात, त्याला काय करणार?

आवडी गेली नाही. दरडीच्या उघड्या मातीवर तिने खोपटं बांधलं. पाखरांनी टाकलेलं अंजनीचं बी ती वेचायची आणि पुरायची. उन्हाळ्यात दूरच्या ओढ्याचं पाणी डोक्यावरून आणून घालायची. त्या दिवसानंतर ती दुसरा एकही शब्द बोलली नाही, असं म्हणतात. कोणी कुऱ्हाड घेऊन उतारावर आलं की ती समोर उभी राहायची आणि तेवढंच म्हणायची, "पुरे." कुऱ्हाडीचा दांडा हातातून गळून पडायचा. नवरा बायकोला मारत असला तर तिथेही ती जायची. दारात उभी राहून तोच शब्द म्हणायची आणि उगारलेला हात वरच्या वर राहायचा. हळूहळू लोक तिला भ्यायला लागले आणि मग पुरेआई म्हणून मानायला लागले.

ती गेली तेव्हा उरलेल्या गावाने चिता रचली. लाकूड वाळलेलं होतं, वाराही होता. पण आग धरेना. पेटता पलिता जवळ नेला की विझायचा. शेवटी एक म्हातारी म्हणाली, "तिला न्हाई पायजे, लेकरांनो. ठेवा ती लाकडं." मग लोकांनी चिता उतरवली आणि तिने लावलेल्या अंजनीखाली तिला मातीत ठेवलं.

आता तो उतार पुन्हा काळोखा झालाय. तिथल्या झाडाची फांदीही कोणी तोडत नाही. कीटमाळात दिवा 'वाढव' असं कोणी म्हणत नाही, सरळ 'विझव' म्हणतात. नव्या सुनेला पहिल्याच दिवशी हे शिकवतात, आणि ती चुकली तर सासू रागावते.

श्रावण सरताना गावात एक दिवस चूल पेटत नाही. सगळे शिळं खातात. त्या दिवशी एक पुरुष कुऱ्हाड घेऊन राईत चढतो आणि मोठ्या अंजनीपुढे कुऱ्हाड उगारून उभा राहतो. खाली, जुन्या भट्टीच्या जागेवर, गावातली एक विधवा बाई उभी राहते. एरवी जिला मंगलकार्यात मागे बसवतात, तिलाच त्या दिवशी पुढे करतात. ती वर बघून हाक मारते, "पुरे!"

वरच्याने नुसता हात हलवायचा नाही, 'हो' म्हणायचं नाही, 'ऐकलं' म्हणूनही चालत नाही. जो शब्द ऐकला तोच परत म्हणायचा. कधी कधी पाऊस इतका असतो की हाक पोहोचत नाही. मग ती बाई पुन्हा ओरडते, पुन्हा ओरडते, घसा बसेपर्यंत ओरडते. खाली सगळं गाव चिंब भिजत, वर तोंड करून उभं असतं. पोरंसुद्धा गप्प असतात. वरून पुरुषाच्या आवाजात "पुरे!" असं स्पष्ट ऐकू येईपर्यंत कीटमाळात कोणी घरी जात नाही.