सत्तेचाळिसाव्या ओळीतलं शून्य

"एकही रकाना कोरा नाही?" देवस्थळीबाईंनी विचारलं.

"एकही नाही," इरफान मुलाणी म्हणाला. आवाजात घमेंड होती, आणि तिला कारणही होतं.

ज्या यंत्रांना वेळ चुकवून चालत नाही, त्यांच्या चाचण्यांच्या नोंदी प्रत्येक प्रयोगशाळा आपापल्या पद्धतीने ठेवायची. एकीची फाइल दुसरीला वाचता यायची नाही. इरफानने तीन वर्षं खपून सगळ्यांसाठी एकच साचा ठरवला. यंत्रातलं काम कोणतं, किती वेळाने येतं, कधीपर्यंत संपलं पाहिजे, जास्तीत जास्त किती वेळ खातं... अकरा विद्यापीठांनी तो साचा आणि त्यात भरलेली त्याची फाइल घेतली होती.

बाईंची उभी हयात रेल्वेच्या सिग्नलांच्या वेळा जुळवण्यात आणि ते शिकवण्यात गेली. आता त्या दापोलीला एकट्या राहत. इरफान त्यांचा शेवटचा विद्यार्थी. शाबासकी घ्यायला आला होता.

बाई त्याच्या लॅपटॉपवर फाइलच्या ओळी खाली सरकवत राहिल्या. सत्तेचाळिसाव्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

"हे शून्य कसलं?"

"त्या कामाचं मोजमाप मिळालं नव्हतं. रकाना कोरा ठेवला की फाइल वाचणारा प्रोग्राम अडतो. म्हणून शून्य भरलं."

"प्रोग्राम त्याचा अर्थ काय लावतो?"

"की... त्या कामाला वेळच लागत नाही."

बाईंनी बोट उचललं नाही.

"आठशे ओळींतली एक ओळ आहे, बाई."

"फाइल कुणी वापरली?"

"पुष्कळांनी. नागपूरच्या एका गटाने तर शिरेतून थेंबथेंब औषध देणारा पंप याच फाइलवर तपासला. सगळी कामं वेळेत बसली. आभाराचं पत्र आलंय, तुम्हाला दाखवायला म्हणून..."

पिशवीकडे गेलेला त्याचा हात मध्येच थांबला.

"एका कामाला वेळच लागत नाही म्हटल्यावर बसणारच," बाई हळूच म्हणाल्या.

इरफान फोन घेऊन अंगणात गेला. पलीकडे त्या गटाच्या प्रमुख, कल्याणी बोरकुटे होत्या.

"मॅडम, चूक माझी आहे. जे मोजलंच नव्हतं, तिथे मी शून्य लिहिलंय. सत्तेचाळिसावी ओळ."

त्या म्हणाल्या, "सोमवारी पहिल्या पेशंटला लावणार होतो..."

"लावू नका."

"नाही लावत."

तो आत आला. बाई तशाच बसल्या होत्या. त्याने शून्य पुसलं आणि तिथे लिहिलं, 'मोजलेलं नाही'. प्रोग्राम चालवला. तो त्या ओळीवर येऊन अडला.

"सगळ्यांचे प्रोग्राम इथे अडतील, बाई."

"अडू देत."

इरफान खाली मान घालून उभा राहिला. तीन वर्षांत कधी वाटली नव्हती एवढी लाज त्याला वाटत होती.

"अकराही ठिकाणी आजच कळवतो. आणि... साच्यावरचं माझं नाव काढून टाकतो. ते तिथे असावं, एवढी माझी लायकी नाही."

बाईंनी पहिल्यांदाच पडद्यावरची नजर काढून त्याच्याकडे पाहिलं.

"नाव राहू दे. नाहीतर लोकांनी विचारायचं कुणाला?"