जिवूबाईने चुकीचं दार ठोठावलं

"तीन पत्ते, जिवूबाई! तीनच!" राजा धुरंधरसेन सिंहासनावर पुढे सरकून बोटं नाचवत म्हणाला. "माझ्या वेबसाइटवर एक पान लपवलंय. तीनदा पत्ता लिहून ते उघडलंस, तर वेशीबाहेरचा माळ तुम्हा बोहारणींचा. नाही उघडलंस, तर संध्याकाळच्या आत पालं उचलायची. तिथं मला कारंजं बांधायचंय!"

"आणि दुसऱ्या कुणा माणसाला पत्ता विचारायचा नाही. कुलूप फोडायचं नाही!" कारभारी त्र्यंबकरावांनी पुस्ती जोडली.

दरबार खो खो हसला. जिवूबाई बोहारीण डोक्यावरची भांड्यांची पाटी उतरवून उभी राहिली. जुनं कापड घ्यावं, नवं भांडं द्यावं, हा तिचा जन्माचा धंदा. अक्षराशी तिची सोयरीक कधी जुळली नव्हती. पण माळावर तीस पालं होती, तीस चुली होत्या. माळ गेला तर म्हाताऱ्याकोताऱ्यांना घेऊन जायचं कुठं?

वेबसाइट रचली होती कारभाऱ्यांनीच. पायथन नावाची संगणकाची भाषा, जँगो नावाचा तयार सांगाडा, त्यावर सहा महिने खपून त्यांनी एकेक पान चढवलं. त्याच सकाळी आपल्या खोलीतल्या संगणकावरून ती मोठ्या सर्व्हरवर नेली, नारळ फोडला आणि जगाला खुली केली. त्यामुळे स्वारी जमिनीपासून चार बोटं वर!

"त्या पानाकडे जाणारी वाट मी कुठंच ठेवली नाही, महाराज. पत्ता तंतोतंत लिहिला तरच उघडेल. ही बाई सात जन्म पत्ते लिहीत बसली, तरी..."

"सात जन्म कशाला? मला दुपारी बाजार गाठायचाय!" जिवू म्हणाली. "म्हाराज, मला लिहितावाचता येत नाही. मी सांगते, भालदारदादा लिहितील. काय उमटेल ते मोठ्यानं वाचतील. चालंल?"

"चालेल!"

भिंतीवर संगणकाचा भलामोठा पडदा होता. भालदार कळफलक मांडीवर घेऊन बसला.

खरा पत्ता आपल्याला सुचायचा नाही, हे जिवूला पक्कं ठाऊक होतं. मग तिने मनाशीच विचारलं, परक्या गावात शिरल्यावर आपण काय करतो गं? आणि तिचे डोळे लकाकले.

"लिहा दादा, 'जिवूच्या सासूचं घर'!"

राजाला हसता हसता ठसका लागला. "अगं, तुझी सासू माझ्या वेबसाइटवर कशाला येईल?"

"न्हाईच यायची, म्हाराज. तिला जाऊन बारा वर्षं झाली. लिहा तर खरं!"

भालदाराने कळ दाबली. पडद्यावर वर पिवळी पट्टी उमटली आणि खाली ओळीच ओळी. भालदार वाचू लागला, "असं पान इथं नाही. मी खालचे सगळे पत्ते क्रमाने तपासले, त्यात हे नाव सापडलं नाही. दरबार. हत्तीशाळा. राणीसाहेबांचे उखाणे. महाराजांनी लपवलेल्या... लपवलेल्या..."

"पुरे!" राजा ओरडला.

"पुढे वाचा!" चिकाच्या पडद्याआडून राणीसाहेब कडाडल्या.

"...लपवलेल्या अनारशांची जागा."

"आणि वैद्यांनी गोड बंद केलंय ना?" राणीसाहेबांचा आवाज चढला.

राजा छत न्याहाळू लागला. भालदाराने घाईघाईने शेवटची ओळ वाचली, "सात पडद्यांआडचं पान."

"दुसरा पत्ता तोच, दादा!" जिवू म्हणाली.

पान उघडलं! त्यावर एकच ओळ होती: 'हे पान जो वाचेल, त्याचा माळ. हा राजाचा शब्द.'

"फसवणूक!" कारभारी उसळले. "विचारायचं नाही असं ठरलं होतं!"

"माणसाला विचारायचं न्हाई असं ठरलं होतं, कारभारीकाका! परक्या गावात 'पाटलाचं घर कुठाय' म्हटलं, की वेशीवरचा म्हणतो, 'तुला काय करायचंय?' पण नसलेलं नाव विचारा. 'असं कुणी न्हाई बाई इथं! इथं पाटील हाईत, त्यांच्यामागं सुतार, पल्याड गुरव...' अख्खं गाव मोजून दाखवतो! तुमच्या वेबसाइटनं तेच केलं."

राजाने भुवया उंचावल्या. "कारभारी, ही अशी कुणापुढेही बडबडते?"

"महाराज, रचताना तिला बोलकी ठेवावी लागते," कारभाऱ्यांची जीभ अडखळली. "काय चुकलं ते रचणाऱ्याला कळावं म्हणून. जगाला खुली करण्याआधी ते बंद करायचं असतं. एकच शब्द बदलायचा होता, पण नारळाच्या गडबडीत..."

"वास्तुशांत झाली आणि दारं बसवायची राहिली!" पडद्याआडून टोला आला.

कारभारी चरफडले. मग एकदम त्यांचा चेहरा उजळला. "पण महाराज, पान उघडलं म्हणून काय झालं? त्यावर लिहिलेला शब्द काय आहे? 'जो वाचेल, त्याचा माळ!' वाचलं कुणी? भालदाराने! हिला कुठं वाचता येतं?"

भालदाराने हळूच मिशीला पीळ दिला. राजा हट्टी, पण शब्दाचा पक्का. "शब्द तर तसाच आहे, बाई," तो पुटपुटला.

जिवूने पाटीतलं एक पातेलं उचललं, पदराने पुसलं आणि शांतपणे विचारलं, "म्हाराज, पोरीच्या घरी सोयरिकीचं पत्र आलं. घरात कुणाला वाचता येईना, म्हणून डाकवाल्यानं वाचून दाखवलं. मग नवरी काय डाकवाल्याच्या घरी नांदायला जाते?"

राजा आधी गालात हसला. मग पोट धरून हसला. मग तर असा गदगदून हसला, की मंदिल डोळ्यांवर आला आणि तो सावरायचंही त्याला सुचेना!

"माळ तुझा, जिवूबाई! तांब्याच्या पत्र्यावर कोरून देतो! आणि आजपासून राज्यातली कुठलीही वेबसाइट खुली व्हायच्या आधी तू येऊन तिचं दार ठोठावायचं. प्रत्येक खेपेला एक पैठणी आणि ने-आण करायला पालखी!"

"पालखी कुणी आणायची, महाराज?" कारभाऱ्यांनी बारीक आवाजात विचारलं.

"म्हणजे काय? पुढचा दांडा तुमच्याच खांद्यावर, त्र्यंबकराव!"